बाबासोची इंग्रजी सही

कोल्हापूर,
९ डिसेंबर २०२४

चि. राजमतीस,

आण्णाचे अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? कबनूरला थंडी पडली असेल, जपून राहा.

एक आनंदाची बातमी. एक जानेवारीपासून मी आमच्या वीज पारेषण कंपनीचा कार्यकारी संचालक. सबस्टेशनवर कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेला तुझा भाऊ! रविवारी समाजाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवलाय. तू पहिल्या रांगेत हवीस.

अनेकांत घरी काही बोलला का? नसेल, तर आधी माझ्याकडून ऐक.

गेल्या सोमवारी तो माझ्या केबिनमध्ये आला. हातात पंधरा वर्षांपूर्वीचं परमिट. टॉवरवरची माणसं खाली उतरली अशी त्यांच्या मुकादमानं सही दिल्याशिवाय लाइन चालू करता येत नाही, तो कागद. खाली मुकादम म्हणून बाबासोची सही.

"मामा, बाबा मराठीतच सही करायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर हायत की सगळ्या. ही इंग्रजी कुणाची?"

"जागेवर जाऊन बस."

"बाबास्नी तुम्ही मारलंय."

मी सुरक्षारक्षकाला बोलावलं.

राजू, त्या दिवशी कागलच्या कारखान्यांची वीज सकाळपासून बंद होती. साहेब फोनवर ओरडत होते, "धा मिनिटांत चालू कर, न्हायतर घरी बस." तुझ्या नवऱ्याचा फोन लागेना. टॉवर चार किलोमीटरवर. गाडी काढून बघून यायला पंधरा मिनिटं लागली असती. कंट्रोल रूमनं विचारलं, "माणसं उतरली?" मी म्हणालो, "उतरली."

बाबासो वरच होता.

लोक त्याला खाली आणत होते, तेव्हा ती सही मी केली. अहवालात लिहिलं, विसरलेला पाना आणायला विनापरवाना पुन्हा चढला. पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली. तू मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलीस, 'आमच्या ह्यांचंच चुकलं.' पोराला नोकरी लावली म्हणून माझ्या पाया पडलीस, तेव्हाही मी पाय मागे घेतले नाहीत.

तो कागद आता नाही. मी स्वतः जाळला. अनेकांतच्या फोनमधला फोटोही पुसून घेतला. कार्यालयाची कागदपत्रं चोरली म्हणून त्याला निलंबित केलंय. पोलिसांत गेला तर चोर ठरेल. गप्प राहिला तर महिन्याभरात कामावर घेतो. त्याला समजावणं तुझं काम.

तू म्हणशील, मग मला सांगितलंस कशाला? पोरगा खोटं बोलतोय असं तुला वाटलं असतं, तर तू त्याला नुसती रागावली असतीस. त्यानं तो थांबणारा नाही. आता तू घाबरशील. बाबासो गेला तेव्हा माझं काही वाकडं झालं नाही. अनेकांतचं काय व्हावं, ते तू ठरव.

त्याला आज मुद्दाम चौकशीला बोलावलंय, म्हणजे हे वाचताना घरात तू एकटी असशील. माझा ड्रायव्हर गुंडू दारात उभा आहे. वाचून झालं की पत्र त्याच्या हातात परत दे. घेतल्याशिवाय तो हलणार नाही.

रविवारी साडेनऊला गाडी पाठवतो. औक्षण तूच करायचंस, लोक काय म्हणतील ते मी बघतो.

तुझा पाठीराखा,
आण्णा