पंच्याखालचा रियाज

काका,

गिटारचा आवाज घरात नको म्हणालात, म्हणून आठ महिने तारांखाली तुमचा पंचा खुपसून रियाज केला. तुम्ही खुश होऊन म्हणालात, "वा भिया, असाच रोज कर."

आज ऑर्केस्ट्राच्या परीक्षेत पंचा काढला. तेव्हा कळलं, तारांवर सरकवायची माझी लोखंडी पट्टी दरवेळी सुराच्या बोटभर अलीकडेच थांबते. मास्तरांनी विचारलं, "हात तो बढ़िया है, कान कुठे ठेवून आलात?" मी आपल्या घराचा पत्ता सांगितला.

सियागंजात मित्राच्या गोदामात राहायला जातोय. तिथे हमालांच्या आरडाओरड्यात माझा बेसूर कुणाला टोचणार नाही.

काकूंनी सकाळी हातावर दही ठेवलं होतं. त्यांना पास झालो म्हणून सांगा. बाकी गप्प राहा, ते तुम्हाला आवडतंच.

दिगंबर