डिंपलच्या सासऱ्यांचा फोन

मुंबई

चि. नथ्थू, मोठ्या भावाचा आशीर्वाद.

लताचे गुडघे कसे आहेत? डिंपलचा खोकला गेला का? तुझी साखर आटोक्यात आहे ना?

माझी ल्युकेमियाची औषधं चालू आहेत. तोंडाला चव नाही, पण वरणभात जातो. काळजी नको.

काल रावेरहून डिंपलच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "नाना, काशीहून आमच्यासाठीबी गंगाजल आणा बरं का!" मी काशीला गेलोय असं तू त्यांना सांगितलंस, हे तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या खाटेवरून मी हो म्हटलं. तुला खोटं पाडवलं नाही रे.

माझा आजार तुझ्या पोरीत उतरणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तरी सोयरीक जमवताना तू मला लपवलंस. आजारापेक्षा हे जास्त लागलं.

हळदीला मी यावं की नको, ते तुझ्या हातानं लिही. लवकर लिही.

तुझा,
नाना