बिननावाचा कप्पा

१५ डिसेंबर, सोमवार
कॉम्प्युटरची जुनी डिस्क खरखर करते. आत माझ्या वधू-वर केंद्राची सगळी स्थळं. रविवारी परभणीला मेळावा. जो स्थळं पडद्यावर दाखवील, त्याला समिती मुख्य टेबल देणार. दुसरं केंद्र चालवणारा दत्तराव टपलेलाच आहे.

कॉम्प्युटरचा डबा घेऊन योगीराजच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवतात, त्याला क्लोन म्हणतात. लक्ष ठेवायला मी खुर्ची सोडली नाही. पडद्यावर काय काय उतरवायचं त्याची यादी, पुढे बरोबरच्या खुणा होत्या. त्यात एक बारका कप्पा, बिननावाचा. माझ्या डिस्कमध्ये हे कोणाचं? योगीराज चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा त्या कप्प्यापुढची खूण मी काढून टाकली. मेहनत माझी आणि कोणी आत चोरखण ठेवायचा.

तो म्हणाला, बसवून चालू करून देतो. नको म्हटलं. दोन्ही डिस्का पिशवीत घातल्या.

१६ डिसेंबर
नवी डिस्क स्वतः बसवली. काळा पडदा. इंग्रजी वाचून काढलं: बूट डिव्हाइस सापडत नाही. सापडत नाही म्हणजे नेलं कोणीतरी. योगीराज फोनवर म्हणाला, घेऊन या काका, पाहतो. काय पाहणार? स्थळंच ना. उद्या मीच दुरुस्त करणार.

१७ डिसेंबर
केबल काढून पुन्हा लावली. नाही. डिस्कला ओल लागली असावी म्हणून उन्हात ठेवली. बायको तानुबाई म्हणाली, पापड हाय का त्यो?
मग खात्री करायला जुनी डिस्क पेचकसाने उघडली. आत आरशासारखी थाळी. एकही स्थळ दिसलं नाही, माझंच तोंड दिसलं. चोरी पक्की.

१९ डिसेंबर
जिंतूर स्टँडवर दत्तराव. म्हणतो, काय माणिकराव, मशीन उठंना म्हणं? याला कसं कळलं? घरी आलो तर तानुबाई म्हणते, तुमीच सांगितलं की साऱ्या गल्लीला. मी सांगितलं ते चोरावर नजर ठेवा म्हणून.

२० डिसेंबर, शनिवार
नाइलाजाने योगीराजला घरी बोलावलं. आतून कडी लावली. तो म्हणाला, काका, इथलं बारकं कुठं गेलं? मशीनला झोपंतून उठवतंय ते तेच, बूट म्हणतात ते. कोणी काढलं?
दत्तरावाने, मी म्हटलं.
मग पेनड्राइव्ह लावून त्याने तो कप्पा परत तयार केला. पडदा उजळला. सगळी स्थळं जागेवर. ऐटीत पहिलंच उघडून दाखवलं. योगीराजचं निघालं. फोटोत डोक्यावर भरपूर केस.
तो म्हणाला, हे काढा की आता काका, पोरगी तिसरीला गेली माझी.
लग्न कोणी जमवलं, मी विचारलं.
दत्तरावकाकांनी.
मी दुसरं स्थळ उघडलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार
परभणी. मशीन घरीच ठेवलं. मुख्य टेबल दत्तरावाला. मला चहाच्या कुपनांचं, दाराजवळचं. गठ्ठा मोजून घेतला. एक कुपन कमी आहे.