नमुना क्रमांक सत्तेचाळीस

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हा कागद. तो फाडता येतो, पण मध्येच तोडता येत नाही.

मागच्या खेपेला सहाव्या महिन्यातच सगळं संपलं आणि का, ते कोणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि मी तर बारा वर्षं याच कामाचा पगार घेते. या वेळी मला हातावर हात ठेवून बसायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेचं म्हणणं असं, की शरीर अन्नाचं जे काही करतं त्यातून शेकडो बारीक पदार्थ रक्तात उतरतात. कळा सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांचा मेळ बदलतो, मग दिवस भरलेले असोत वा नसोत. हे खरं आहे का, तेच आम्ही तपासतोय. तुझ्या दवाखान्यातही नमुने घेतात. दर सोमवारी जा.

अटी मात्र कडक. रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो, आणि कोणाचा कुठला ते मला कळायचं नाही. सगळ्या जणी बाळंत होईपर्यंत आम्हीसुद्धा आकडे उघडत नाही.

तुझा लोभ आहेच, आता थोडं रक्तही दे.

ताई

---

१२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शास्त्रासाठी पहिली बाटली सोमवारी भरून दिली. नंबर कोणालाही सांगू नका, असं परिचारिकेनं दोनदा बजावलं. म्हणून फक्त तुलाच सांगते, सत्तेचाळीस.

दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. पोट शिलाई मशीनला टेकतं म्हणून खुर्ची मागे घेतली, तर टीप वाकडी जाते. शनिवारी सव्वीस आठवडे पुरे होतात. मागच्या वेळी तिथवरच पोचलो होतो. नवरा कॅलेंडरकडे बघत नाही आणि मी नवऱ्याकडे बघत नाही. मला फार भीती वाटते, ताई.

आहे तो लोभ असू द्यावा, उपदेश कमी केलास तरी चालेल.

मुंगी

---

२५ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

काल फोनवर ओरडले त्याची माफी मागत नाही, कारण ओरडले म्हणून तू दवाखान्यात गेलीस.

आता खरं सांगते. मी आकडे उघडले. बारा वर्षांत असं कधी केलं नव्हतं, पण सत्तेचाळीस हा किडा तूच माझ्या डोक्यात सोडलास. पाच आठवडे तुझी रेघ शहाण्यासारखी सपाट होती. सतरा तारखेच्या नमुन्यात ती एकदम वर चढली. आमच्या हिशेबाने याचा अर्थ एकच, बाळंतपण तोंडावर आलंय, आणि तुला तर अजून दोन महिने आहेत.

आमच्या साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नमुन्यांच्या खोलीची किल्ली त्यांनी काढून घेतली. प्रकल्पाची प्रमुख, म्हणजे मी, सध्या बाटल्यांवर लेबलं चिकटवते.

उलट टपाली कळव, नाहीतर मी येऊन धडकेन.

ताई

---

४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा भाचा शनिवारी आला. वजन एक किलो सहाशे, आवाज चार किलोचा.

बहिणीच्या यंत्रात माझी रेघ वर गेलीय, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असल्या रेघांवर आम्ही उपचार करत नाही. पण आलीच आहेस आणि मागचा अनुभव वाईट आहे, तर बघू या. बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बाळाच्या फुप्फुसांसाठी त्यांनी लगेच एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. ती मिळाली नसती तर त्याला श्वास घेणं फार जड गेलं असतं, असं म्हणाल्या.

तो काचेच्या पेटीत आहे. मी आत हात घातला की एक बोट धरतो. त्याच्या मापाची टोपी बाजारात मिळेना, तेव्हा रुमालाची शिवली.

मावशीचा लोभ त्याच्यावर असावा.

मुंगी

---

१६ एप्रिल

चि. मुंगीस व बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुलानं माझी अब्रू राखली. कळांच्या बारा दिवस आधी यंत्र बोललं! नियम मोडल्याचा ठपका राहीलच, पण साहेबांनी किल्ली परत दिली आणि जूनच्या परिषदेत पहिलं चित्र सत्तेचाळीसच्या रेघेचं लावायचं ठरवलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आम्ही पाळण्याच्याही आधी दाखवले. बहिणीच्या रक्तावर मोठी झालेली,

ताई

---

२४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. परिषदेआधी सांगायलाच हवं. मी एकाही सोमवारी उपाशी नव्हते.

पहिली गेली तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं, की ती माझ्या पोटात उपाशी राहिली. तसं नसतं, हे तूही सांगितलंस, डॉक्टरांनीही. मला पटलं. तरी सकाळी पोट रिकामं आहे या विचारानं हातपाय गार पडायचे. म्हणून दर सोमवारी निघताना एक बिस्किट खायचे. परिचारिका विचारायची आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचे. सतरा मार्चला मात्र भूक आवरेना. अख्खा पुडा खाल्ला, वर दोन कप गोड चहा. तुझी रेघ कशानं चढली ते आता तूच बघ.

माप घेताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांना मी वर्षानुवर्षं हसत आलेय. शिल्लक असेल तेवढा लोभ ठेव.

मुंगी

---

२ मे

चि. मुंगीस आशीर्वाद.

ही पोरगी म्हणजे एक नमुना आहे, असं आई म्हणायची. आम्हाला तेच कळायला तुझ्या रक्ताच्या सात बाटल्या लागल्या.

सत्तेचाळीस वगळला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'उपाशी नव्हती'. सगळ्या जणी बाळंत झाल्यावर आता रीतसर आकडे उघडले, तर वेळेआधीच्या अकरा बाळंतपणांपैकी यंत्रानं ओळखली चार. नाणं उडवलं असतं तर पाच तरी आली असती. तुझं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. साहेबांनी किल्ली पुन्हा मागून घेतली.

दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तू नियम पाळला असतास तर रेघ चढलीच नसती, आणि मी पाळला असता तर ती मला दिसली नसती. आपल्या दोघींपैकी एक जरी शहाण्यासारखी वागली असती, तर. पुढचं वाक्य मी लिहीत नाही.

वगळल्याच्या अर्जावर सही करून पाठव. लोभात काहीही वगळलेलं नाही.

ताई

---

२४ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अर्ज सही करून सोबत पाठवलाय. त्यावर दुधाचा डाग पडलाय, साहेबांना चालेल ना?

डॉक्टरांनी मुळात दिलेली तारीख आजची. पहिलीचीही अशी तारीख आली होती, ती गेल्यावर तीन महिन्यांनी. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसले होते. कोणी काही बोललं नाही, कारण माझ्याशिवाय ती तारीख कोणाच्या लक्षातच नव्हती. म्हणून आठवडाभर मी या तारखेच्या धास्तीत होते.

आज सकाळी हा दुधासाठी रडला, मग ओकला, मग झोपेना. नवऱ्यानं त्याला उलटा लंगोट बांधला, तो पुन्हा बांधण्यात तास गेला. अर्जावर तारीख घालायला बसले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि तेव्हा कळलं की आज चोवीस आहे.

उठला बघ पुन्हा. लोभ तर आहेच, सवड असेल तर तीही थोडी पाठव.

मुंगी