काचेच्या हौदातले बारा

पौष शुद्ध ३, शके १८५४, माजलगाव

श्रीगुरुबसवलिंगाय नमः। काल बिऱ्हाड लागलं. सोलापूरच्या मानानं गाव लहान, पण घर उजेडाचं, विहिरीचं पाणी गोड, आणि यांचं कापडाचं दुकान घराला लागूनच. मला सहावा लागलाय. पहिली दोन्ही बाळंतपणं वाया गेली. नव्या गावात देव नव्यानं बघेल, अशी आई निघताना म्हणाली. मलाही आज तसंच वाटतंय.

हे हर्राजात बोली लावून अजब चीज घेऊन आले. काचेचा हौद! चार हात लांब, बिडाची चौकट. इथल्या एका मयत सावकारानं हैदराबादहून आणवलेला. मासे बघायला गिऱ्हाईक येईल आणि येईल ते धोतरजोडी घेऊनच जाईल, असं यांचं म्हणणं. जुना आहे, गळणार, असं मी म्हटलं. तुला नव्यातही खोट दिसते, म्हणाले.

पौष शुद्ध ९

गळलाच. अळशीच्या तेलात खडूची पूड मळून सांध्यांत भरली, सुकू दिली, मग काठोकाठ पाणी भरलं आणि खाली चुलीतली राख पसरली. दोन दिवसांनी राख कोरडी. हौद माजघराच्या दाराशी बसवला.

शेजारच्या छबुबाईंनी येऊन बघितलं. लिंगायताच्या घरात मासळी, आता आमी लसूण तरी कावून लपवावा, असं म्हणून हसल्या. खायला नव्हे, बघायला, असं मी सांगितलं. मांजरबी तसंच म्हणतंय, म्हणाल्या.

पौष वद्य २

हौदातली जुनी वाळू हे उकिरड्यावर टाकणार होते. नदीवरून नवी आणायला गाडी लागली असती, म्हणून मीच सात पाण्यांनी धुतली. सातव्या पाण्यात हाताला काळं, गुळगुळीत काही लागलं. इष्टलिंग! तान्ह्या मुलासाठी करतात तेवढं लहान, वरच्या काळ्या लेपाची कंथी शाबूत.

आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या नावानं लिंग आईच्या पोटावर बांधतात. जन्मल्यावर तेच त्याच्या गळ्यात. मेल्यावर डाव्या तळहातात तेच देऊन मातीत बसवतात. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही वेळा सोलापूरहून नवंकोरं आणलं आणि दोन्ही वेळा ते बाळासोबत मातीत गेलं. हे मी मागितलं नव्हतं, हे आपण होऊन हातात आलं. देवघरात ठेवलं. यांना सांगितलं नाही.

माघ शुद्ध ५

पाणी आठ दिवस मुरू दिलं, नदीतली पाणवेल लावली. आज सटवा भोई सिंदफणेतले बोटाएवढे रुपेरी मासे घागरीतून घेऊन आला. मोजून बारा. माशाला पाणी पाजायचे पैसे देणारं हे पहिलंच घर बघितलं म्हणाला. कणकेच्या गोळ्या टाकल्या, चट् संपवल्या. घरात जिवंतपणा आला.

माघ वद्य ८

मासे मला ओळखतात. मी उजवीकडे गेले की बाराही उजवीकडे. यांच्यामागे जात नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, काचेला लागून पोटाच्या उंचीवर थांबतात.

फाल्गुन शुद्ध ५

आठवा लागला. आज नांदूरघाटहून आलेल्या आमच्या गुरुस्वामींनी ते वाळूतलं लिंग पोटावर बांधलं. कुठलं, असं त्यांनी विचारलं. माहेरचं, असं मी म्हटलं. गुरूशी खोटं बोलले. देवा, पदरात घे. बाळ मात्र छान हललं.

फाल्गुन शुद्ध ९

हौदातलं पाणी चार बोटं उतरलं. खालची राख कोरडी. मासे अकरा. मेलेला कुठं दिसला नाही.

फाल्गुन शुद्ध १३

पाणी वीतभर खाली. मासे आठ. हे म्हणाले मांजर. वर फळी आहे, फळीवर दगड आहे. पोट फार वाढलंय, लुगडं पुरत नाही. बाळ लाथ मारत नाही. लाथ मला ठाऊक आहे. हे सुळकन जातं. एकदम तीन-चार ठिकाणी.

फाल्गुन वद्य ४

मासे पाच. भिवराबाई सुईण आली. पोटाला दोन्ही बाजूंनी कान लावला. मग पाणी लई झालंय एवढंच म्हणाली. जाताना हौद दिसला तशी दारातच खाली बसली. सावकाराच्या सुनेचं पोट तिनंच बघितलं होतं. आठवा सरताना सून या हौदात वाकली ती वाकलेलीच सापडली. तिचं लिंग तिच्या गळ्यात होतं, पोटावर लेकराचं बांधलेलं नव्हतं. घर धुंडाळलं. शेवटी पोटातल्या लेकराला रिकाम्या हातानं मातीत दिलं.

मी पदर घट्ट धरून बसले. तिला काही दाखवलं नाही.

फाल्गुन वद्य ९

पाणी वाळूला टेकलं. मासा एक. यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, त्याचंच भय वाटलं. स्वामींना आणायला नांदूरघाटला गेले.

लिंग सोडावं, तर माझं बाळ लिंगाविना. न सोडावं, तर ते बाळ कुणाचं —

फाल्गुन वद्य १२

हौद कोरडा. एकही नाही. हे आले नाहीत.

फाल्गुन अमावास्या, दुपार

आठवा आज सरतो. ज्याचं त्याला द्यायचं ठरवलं. दोऱ्याची गाठ ओली, सुटेना. विळीवर कापली. लिंग हौदाच्या वाळूत ठेवलं, हात जोडले. माझं मला दे म्हटलं —

पोटातलं पाणी गेलं. उभ्या-उभ्या. गार, विहिरीसारखं. पाणवेलीचा वास. छबुबाईंना हाक मारली, त्या भिवराबाईकडे धावल्या. मी भिंतीला टेकून बसलेय, पेन्सिल हातात आहे म्हणून शुद्ध आहे.

जमिनीवर काहीतरी तडफडतंय. रुपेरी. एक. तीन. सात —

बारा. मोजले. बारा पुरे झाले. देवा, आता माझं —

आलं. रडत नाही. डोळे उघडे, पापण्या नाहीत. डावी मूठ घट्ट.

मूठ उघडली. काळं, गुळगुळीत — ते तर मी आत्ताच हौदात —

हौदाकडे बघितलं. पाणी काठोकाठ आहे. काचेला आतून कुणाचा तरी छोटा हात, रिकामा, मला बोलावत — माझं बाळ तिथं —