मनगट थांबंना

बुधवार, संध्याकाळ

आज जीव एका जागी बसंना. नात गौरी कराटे सोडून औरंगपुऱ्यात लाठीकाठीच्या क्लासला जाती. आज गच्चीवर मला दाखवायला लागली, तर कराट्याच्या सवयीनं पाय फाकवून घट्ट उभी! काठी फिरवली की तिच्याच घोट्यावर बसायची. मला लई हसू आलं. म्हणलं, "अगं पाय हालव, पाय! खांब हायेस का तू?"

"मग तूच दाखव, आजी!"

दाखवली. लहानपणी देवगावला वडलांनी शिकवली होती. शाणी झाले आन् आईनं काठी काढून घेतली. पण मनगटाला सगळं याद! गौरी बघतच राहिली. म्हणली, "उद्या तूबी चल क्लासला."

सूनबाई खालून वरडली, "आई, पडलात म्हणजे?"

तेबी खरंच. आन् लुगड्यावर जायचं कसं? जावं का नाय? पोळ्या करताना मनगट आपलं लाटणंच फिरवत होतं. आता लिहितानाबी थांबंना.

आत्ताच सूनबाई आली. तोंड फुगलेलंच. तिचा जुना पंजाबी ड्रेस खाटंवर टाकून गेली.

घालून बघितला. ढगळ हुतोय. नाडी आवळली की झालं.