स्टीलच्या रिमला लावलेले रबर

८ जुलै, मंगळवार

मामा पडले! पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यावर, शेतातून भोकरदनला घरी येताना. उतारावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, सायकल सरळ तिच्यावर गेली. उजवं मनगट मोडलंय. कपाळाला टाके. भुरभुर चालू होती, रस्ता ओला.

ज्यांनी उचलून आणलं ते म्हणाले, "ब्रेक लागला नसंल." दवाखान्यात सासूबाई नवऱ्याच्या उशाशी बसून तेच घोकत होत्या, "ब्रेक कसा काय लागला न्हाई बाई?"

त्या सायकलचे ब्रेक रविवारी मीच बसवले होते.

९ जुलै

झोप नाही. निदान इथं तरी खरं लिहावं.

शाळेत मी जिच्यावर जाते त्या माझ्या गिअरच्या सायकलला ॲल्युमिनियमची रिम आहे. तिच्यासाठी संभाजीनगरहून ब्रेकचे रबर मागवले, एक जोडी उरली. मामांच्या काळ्या सायकलची रिम स्टीलची, चकचकीत. तिच्या जुन्या रबरांच्या तोंडाला चामडं होतं. झिजलेलं, कडक झालेलं. काढून फेकून दिले आणि माझे उरलेले बसवले.

पाकिटावर छापलेलं होतं – फक्त ॲल्युमिनियम रिमसाठी. मी वाचलं होतं! वाचून मनात म्हटलं, रबर ते रबर. कोरड्या अंगणात चक्कर मारली, सायकल जागच्या जागी थांबली. "बघा मामा, नवी करून दिली तुमची गाडी!" असं वर म्हणालेसुद्धा.

स्टील ओलं झालं की साबण लावल्यासारखं होतं. साधं रबर त्यावर नुसतं घसरतं, चामडं धरतं. आठवीला घर्षण शिकवते मी. मी!

११ जुलै

आज राधेश्यामला, निदान नवऱ्याला तरी, सांगणार होते. नाही सांगितलं.

१३ जुलै, रविवार

मामांना घरी आणलं. चहा पितानाच राधेश्यामनं सुनावलं, "बाबा, आता बास. सायकल बिलकुल बंद. भंगारवाल्याला देऊन टाकतो."

मामा प्लास्टरकडं बघत राहिले. एवढंच म्हणाले, "रस्ता ओला होता."

"रस्ता सगळ्यांनाच ओला होता. तुमचं वय झालंय, हे कबूल करा."

शेजारच्या गिरिजाबाई बघायला आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला हौसच लई."

मी आत भाकरी थापत होते. तव्यावरची करपली तरी कळलं नाही. सायकल गेली तर मामांचं शेत गेलं, दोस्ताकडं, साहेबरावांकडं जाऊन गप्पा मारणं गेलं. कुठं जायचं तर पोराची मोटरसायकल कधी मोकळी होते याची वाट बघत ओट्यावर बसायचं. आणि दोष कुणाचा? त्यांच्या वयाचा म्हणे!

भंगारवाला येईन म्हणून गेलाय. तेवढी तरी अक्कल मी चालवली – सायकल शाळेच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. कारण विचारलं तर "मुलांना दाखवायचीय" म्हणाले. आणखी एक खोटं.

१९ जुलै

चामड्याच्या तोंडाचे रबर आले. बसवायच्या आधी म्हटलं, एकदा खात्री करू. कुणास ठाऊक, दुसरंच काही कारण निघेल. अशी आशा करताना स्वतःचीच लाज वाटली.

शाळेमागच्या उतारावर गेले. रिमवर बादलीभर पाणी ओतलं. आधी माझेच रबर – ब्रेक पूर्ण दाबला तरी सायकल चाललीच! कंपाउंडच्या भिंतीला पाय लावून थांबवली. सँडल फाटली. मग चामड्याचे लावले, पुन्हा पाणी ओतलं. जरा सरकली, आणि थांबली. भिंत लांबच राहिली.

तिथंच उतारावर बसून रडले. शंकेला जागाच उरली नाही.

२० जुलै, रविवार

सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर.

राधेश्यामनं घास खाली ठेवला. "पाकिटावर लिहिलेलं वाचलं होतंस?"

"हो."

"अन् तरी बसवलं?"

"हो."

ताटावरून उठून गेला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "माझ्या कुंकवाशी खेळलीस गं तृप्ती! वरून इतके दिवस आम्ही यांनाच बोलून राह्यलो!" मामांच्या पायावर डोकं ठेवलं. रडू आवरेना.

मामांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात थंडगार होता. "पोरीला कुणी काही बोलू नका," म्हणाले. पुढं काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

माझ्यावरच्या रागानंच असणार.

२१ जुलै

राधेश्याम फक्त कामापुरतं बोलतो. मात्र भंगारवाल्याला त्यानं परत पाठवलं. "प्लास्टर निघालं की बाबांची सायकल बाबांना," म्हणाला.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळ्याच्या आधी प्लास्टर निघालं होतं. आज सायकल आणून दिली. पुसून, तेल घालून. राधेश्यामनं स्वतः मामांच्या हातात किल्ली दिली – "माझं चुकलं बाबा. उगाच तुमच्या वयावर ढकललं." किती दिवसांनी माझ्याकडं बघून हसला. मलाही आज पोटभर जेवण गेलं.

मामांनी किल्ली खिशात टाकली, सायकलवर बसले मात्र नाहीत. म्हटलं, बरेच दिवस झाले, धीर होत नसेल.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी मामा सायकल घेऊन निघाले. मी कौतुकानं गेटपर्यंत गेले. पाहिलं तर कोपऱ्यापर्यंत सायकल हातानं ढकलत नेली, आणि तशीच ढकलत परत आणली. माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"तृप्ती, म्या त्या दिवशी ब्रेक दाबलाच न्हाई. ट्रॉली दिसलीच न्हाई मला. सालभर झालं, समोर सगळं धुरकट. सांगितलं असतं तर सायकल काढून घेतली असती. तू माझ्यापायी रडली, तवापासून घास उतरून न्हाई राह्यला."

त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली.

मी घेतली.